न उडालेल्या विमानाचे पेढे

रघुअण्णाला स्कूटरवर बघितलेल्या माणसानं त्याच्या हातात टीव्हीचा रिमोटसुद्धा दिला नसता. हेल्मेट डिकीत, कारण "डोक्याला वारा लागायला पाहिजे बा". फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला. कमरीपेठेतून बाहेर पडताना वळसा नको म्हणून उलट्या दिशेनं जायचं, आणि नीट आपल्या बाजूनं येणाऱ्यालाच "दिसत नाही काय रे?" म्हणून दम भरायचा. घरी गॅसची नळी तडकलेली. वैनी रोज सांगायच्या, हा रोज "उद्या" म्हणायचा. दुकानातल्या पंख्याचं बटण केव्हाचं निघून गेलेलं, तिथं दोन वायरी नुसत्या पिळून ठेवलेल्या. बीपीची गोळी आठवली तर घ्यायची, आणि आठवायची फक्त संपल्यावर.

अशा या माणसानं पन्नाशी उलटल्यावर रेडिओवर उडणारं छोटं विमान विकत घेतलं, आणि जन्मभर न केलेली सगळी काळजी त्याच्यावर खर्च केली. स्वतःसाठी चिमूटभरसुद्धा मागे ठेवली नाही.

हुबळीत आमची दुकानं भिंतीला भिंत लावून. त्याचं इरकली साड्यांचं, माझं स्टीलच्या भांड्यांचं. दोघांचेही आजे मिरजेकडून पोटासाठी इकडं आलेले. तो माझ्याहून मोठा, म्हणून अण्णा. पण लहानपणापासूनचा, म्हणून अरे-तुरे. विमान आलं तेव्हा पंख पसरून ते त्याच्या काउंटरवर मावेना, म्हणून माझ्या पातेल्यांवर आणून ठेवलं. सोबत एक काळा डबा होता. त्याला दोन काड्या, कितीतरी बटणं, एक छोटा पडदा आणि डोक्यावर अँटेना. विमान हवेत, आणि त्याचा लगाम या डब्यात. पुस्तिकेत त्याला ट्रान्समीटर म्हटलं होतं. अण्णा त्याला रेडिओ म्हणायचा, आणि रेडिओला पाय लागला तर नमस्कार करायचा.

पुढं कितीतरी दिवस विमान जमिनीवरच. अण्णा पुस्तिका वाचत होता. गिऱ्हाईक साडी अंगाला लावून आरशापुढं उभं, आणि हा म्हणायचा, "थांबा अक्का, एवढं पान संपवतो." मग मला हाक. "बाळू, ये की रे! आज फेलसेफ समजलं."

"काय समजलं?"

"रेडिओचा आणि विमानाचा संबंध मध्येच तुटला तर विमानानं काय करायचं, ते आपण आधी शिकवून ठेवायचं. मोटर बंद करून गप खाली यायचं. उगाच भरकटून कुणाच्या डोक्यावर पडायचं नाही. मालक अचानक गेला तर नोकरानं दुकान बंद करावं, तसं."

"आणि तू अचानक गेलास तर वैनींनी काय करायचं, ते शिकवलंयस काय?"

"तुझं आपलं भलतंच," म्हणून तो परत पुस्तिकेत शिरला.

नियम त्यानं असे दुकानदारी भाषेत आणून ठेवले होते. आधी रेडिओ चालू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची: "आधी मालक जागा, मग नोकर." आवरताना उलटं, आधी विमानाची बॅटरी काढायची, मग रेडिओ बंद: "नोकराला आधी सुट्टी, मग मालकानं कुलूप लावायचं." कारण मालक झोपलेला आणि नोकर जागा राहिला, तर नोकर काय करील सांगता येत नाही. मोटरची काडी नेहमी तळाला. विमानाच्या नाकावरच्या पंख्यापुढं कुणी उभं राहायचं नाही. खुद्द वैनी एकदा उप्पिटाचा डबा घेऊन पुढून आल्या, तर त्यांना अख्ख्या विमानाला वळसा घालून मागून यायला लावलं. घरच्या फुटक्या नळीजवळ रोज काडी ओढणारी बाई ती! कपाळावर हात मारून वळसा घालून आली बिचारी.

हुबळीत खरी विमानं उतरतात, त्यांच्या आभाळात आपण कडमडायचं नाही, हा आणखी एक नियम. म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही धारवाडच्या पुढं, अळणावर रस्त्याच्या एका माळावर जायचो. तिथं बसप्पा नावाचा म्हातारा म्हशी चारायचा. तो दर वेळी आमच्याजवळ येऊन बसायचा आणि विचारायचा, "इवत्तर हारतैतेन्‌री?" आज तरी उडणार का? प्रश्न रास्त होता. अण्णाच्या तपासण्या संपेपर्यंत कधी वारा सुटायचा, कधी ऊन चढायचं, कधी दुकान उघडायची वेळ व्हायची.

पहिली तपासणी विमानाच्या मागं उभं राहून. काडी उजवीकडं नेली की उजव्या पंखाच्या कडेची पट्टी वर गेली पाहिजे, डाव्याची खाली. काडी आपल्याकडं ओढली की शेपटीची पट्टी वर. मग रेंज. त्यात विमान धरायचं काम माझं. मी विमान छातीशी उचलून उभा. शेपूट अण्णाकडं, नाक पलीकडं. मोटर कुलूपबंद. अण्णा रेडिओवर एक बटण दाबून मुद्दाम त्याचा जोर कमी करायचा आणि मोठी मोठी पावलं टाकत लांब जायचा. "आत्ता तो कुजबुजतोय. कुजबुज इतक्या लांब ऐकू आली, तर वर आभाळात हाक पोचणारच." मग तिथून वळायचा, निरखून बघायचा आणि आधी स्वतः मोठ्यानं म्हणायचा, "शेपूट माझ्याकडं! बरोबर!" हे त्यानं स्वतः बघून स्वतःच्या तोंडानं म्हटल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. मग एकेक काडी हलवायचा, आणि मी ओरडून सांगायचं. "उजवी वर!" "शेपूट वर!" लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन म्हाताऱ्यांचं शेताच्या बांधावरून भांडण लागलंय.

एक जरी चाचणी नापास झाली तर त्या दिवशी सुट्टी. पुन्हा प्रयत्न नाही, "बघू या जरा" नाही. विमान पेटीत.

हा नियम त्यानं एकदा असा काही पाळला की पेठेत महिनाभर तोच विषय. त्याच्याकडं तोवर दोन विमानं झाली होती, थोरलं आणि धाकटं. रेडिओच्या पोटात दोघांची मांडणी वेगळी साठवलेली, कारण धाकट्याच्या पंखातली पट्टी हलवणारी छोटी मोटर उलटी बसवलेली होती. उडवण्याआधी पडद्यावर नाव बघून घ्यायचं असतं. त्या रविवारी आम्ही नेलं थोरलं, आणि रेडिओवर राहिलेलं धाकटं. अण्णानं काडी उजवीकडं नेली, उजवी पट्टी खाली गेली. पुन्हा नेली, पुन्हा खाली. तसंच उडवलं असतं तर उजवीकडं म्हटल्यावर ते डावीकडं कलंडलं असतं आणि बसप्पाच्या म्हशीत घुसलं असतं.

अण्णाचा चेहरा असा उजळला! एखाद्याला मुलगी बघायला गेल्यावर पहिल्याच घरी पसंत पडावी तसा. पडद्यावरचं नाव बदललं की झालं असतं, पण नापास म्हणजे नापास. त्यानं नोकराला सुट्टी दिली, मालकाला कुलूप लावलं, आणि परत येताना धारवाडात पेढ्यांच्या रांगेत उभा राहिला. सोमवारी सगळ्या पेठेत पेढे.

"कशाचे हो अण्णा?"

"काल विमान उडालं नाही, त्याचे."

लोक पेढा तोंडात टाकून एकमेकांकडं बघायचे. उडाल्याचे पेढे कुणीही वाटील. न उडाल्याचे वाटणारा आमच्या पेठेत एकच.

खंडेनवमीला आम्ही सगळे दुकानदार तागडी, कात्री, गल्ला, स्कूटर यांची पूजा करतो. अण्णाच्या पाटावर मधोमध रेडिओ. त्याला कुंकू पाठीमागं, एका चिकटवलेल्या कागदावर, कारण काड्यांच्या फटीत पूड गेली की काडी अडते. अक्षता लांबून, देवाला जमेल तेवढ्या. पूजा सांगायला आलेल्या आचारांनी सवयीनं पळीभर पाणी शिंपडायला हात उचलला, तर अण्णा दोन्ही हात पसरून मध्ये. "आचार, त्याला पाणी नको! हवं तर माझ्यावर टाका." आचारांनी खरोखरच त्याच्यावर टाकलं. ओल्या सदऱ्यानं त्यानं आरती केली. तेवढ्यात वर पंखा थांबला, म्हणून ओल्याच हातानं त्या पिळलेल्या वायरी हलवून चालू केला. वैनींनी माझ्याकडं बघितलं, मी वैनींकडं.

चेष्टा करतोय खरा, पण एक सांगायलाच पाहिजे. सगळ्या चाचण्या पास होऊन विमान एकदा वर गेलं की अण्णा वेगळाच माणूस व्हायचा. माळावर सावकाश मोठे मोठे फेरे. घारी कुतूहलानं जवळ येऊन बघून जायच्या. अण्णाची बोटं काड्यांवर इतकी अलगद की हलताहेत हेही कळू नये. ज्या माणसाला स्कूटर सरळ चालवता येत नव्हती, तो ते विमान गवतावर असं टेकवायचा की बसप्पासुद्धा "भेष!" म्हणायचा. मला तो तेव्हा फार आवडायचा.

आणि मग रंगांची भानगड सुरू झाली.

इरकली साड्यांच्या व्यापाऱ्याला रंगांची नावं शिकवावी लागत नाहीत. अण्णा पाचूचा हिरवा आणि पोपटाचा हिरवा डोळे मिटून वेगळा काढायचा. तोच अण्णा एका बाईला जांभळी साडी चॉकलेटी म्हणून दाखवत बसला. बाई म्हणाली, जांभळी आहे. हा म्हणाला, "ट्यूबलाइटचा दोष आहे अक्का." ट्यूब बदलली. मग साड्या दारात, उन्हात नेऊन दाखवायला लागला. मग उन्हाचाही दोष निघाला. थोरल्या विमानाच्या पंखांना त्यानं नवीन कापड चिकटवलं आणि "कसा चॉकलेटी शोभतोय बघ" म्हणून मला दाखवलं. लखलखीत जांभळं! विमान उतरवताना ते दोनदा ज्वारीत गेलं. दोन्ही वेळा दोष वाऱ्याचा. नंतर माझ्या लक्षात आलं, हा विमानाकडं बघतच नाही. मान तिरकी करून मोटरचा आवाज ऐकतो आणि अंदाजानं काड्या हलवतो.

मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलेला होता, वैनींना माहीत होता, मला माहीत होता. अण्णाला नव्हता, कारण अण्णाला "थोडं धूसर" होतं. ऑपरेशन दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, मग लगीनसराई संपल्यावर.

वैनी माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, "बाळूभावजी, तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत. डोळे त्यांचे आहेत, फुटू देत मेले. पण ते वर उडतंय ते कुणाच्या पोराच्या अंगावर आलं तर?"

मी सांगितलं. अण्णा म्हणाला, "तुझ्या पातेल्यांना पोचे आलेत ते बघ आधी." दोन दिवस बोलला नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांचा सहकुटुंब मेळावा ठरला, आणि अण्णाच्याच हट्टानं तो त्याच माळावर ठरला. मांडव, माइक, चुरमुऱ्यांचं गिरमिट, मिरची भजी, आणि मुख्य आकर्षण अण्णाचं विमान. अण्णानं पहाटे जाऊन चुन्यानं लांब रेघ मारली. तिच्या अलीकडं कुणी यायचं नाही. रेघेपलीकडं ताडपत्रीवर पोरंच पोरं. बसायला सांगितलेली, उभी राहणारी, रेघेला पायाचा अंगठा लावून बघणारी. बसप्पासुद्धा स्वच्छ फेटा बांधून आलेला. विमान उडालं की आज काहीतरी होणार, एवढं दिसत होतं. आणि उडवू नको म्हणायचं कुणी?

मागं उभं राहून करायची तपासणी झाली. पास. रेडिओवर नाव थोरल्याचंच. मी रेंजसाठी विमान उचललं, तर वैनी पुढं आल्या. मागून, नियमाप्रमाणे वळसा घालून.

"आज मी धरते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

"किती वर्षं बघतेय की. द्या."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी देऊन टाकलं. अण्णा बटण दाबून पाठमोरा चालू लागला होता. वैनींनी पदर खोचला, विमान उचललं आणि सावकाश फिरवलं. नाक अण्णाकडं, शेपूट पलीकडं.

अण्णा लांब जाऊन वळला. निरखून बघितलं. मोठ्यानं म्हणाला, "शेपूट माझ्याकडं! बरोबर!"

मी वैनींकडं बघितलं. वैनींचा चेहरा मात्र हलला नाही. काड्या हलल्या, पट्ट्या हलल्या, वैनी ओरडून सांगत गेल्या. उजवी वर. डावी वर. शेपूट वर. सगळं चोख. मग त्यांनी विमान सरळ पालथं केलं. चाकं आभाळाकडं.

"अहो, आता परत एकदा बघा! बरोबर धरलंय का मी?"

"बरोबर की! किती वेळ लावतेस? लोक खोळंबलेत!"

"इकडं या," वैनी म्हणाल्या.

अण्णा कुरकुरत यायला लागला. अर्ध्या वाटेवर त्याची चाल मंदावली. आणखी थोडं पुढं येऊन तो उभाच राहिला. वर झालेली चाकं आता त्याला दिसत होती, आणि त्याच्याकडं रोखलेलं नाकसुद्धा.

"मघापासून असंच धरलंय," वैनी हळू म्हणाल्या. "विमान पास आहे हो. माणूस नापास आहे."

मला वाटलं, आता हा भडकणार. सूर्य डोळ्यावर येतोय म्हणणार, चार लोकांत पाणउतारा केलास म्हणणार. आणि केलाच होता की! माइकवरून त्याचं नाव पुकारत होते. पोरांनी टाळ्या धरल्या होत्या. अण्णानं मान वळवून त्या रेघेकडं बघितलं, बराच वेळ. त्याला पोरं दिसत होती की नुसता रंगीत गोंधळ, देव जाणे. मग त्यानं अंगठ्यानं मोटरची काडी तळाला आहे ना ते चाचपलं, वैनींच्या हातातल्या विमानाची बॅटरी काढली, आणि मग रेडिओ बंद केला. क्रम चुकला नाही.

तसाच चालत माइकपाशी गेला. "आज विमान उडणार नाही. चालवणाऱ्याला दिसत नाही," म्हणाला. आणि हेच लगेच कन्नडमध्ये सांगितलं, कुणाला कळायचं राहू नये म्हणून. थोडे हसले, थोडे चुकचुकले, पोरांनी भोकाड पसरलं, आणि मंडळी गिरमिटाकडं वळली. बसप्पा पहिल्यांदाच काही न विचारता म्हशींकडं निघून गेला. अण्णा माझ्या गाडीत मागं, हुबळी येईपर्यंत विमानाची पेटी मांडीवर घेऊन. वैनी पुढच्या सीटवर सारख्या नाक पुसत होत्या.

सोमवारी मी दुकान उघडत होतो, तर अण्णा रिक्षातून उतरला. स्कूटर नाही. हातात पेढ्यांचा पुडा.

मला विचारवेना, पण सवयीनं तोंडातून गेलंच. "कशाचे?"

"काल विमान उडालं नाही, त्याचे."

मी पेढा तोंडात टाकला. अण्णा माझ्या पातेल्यांच्या चळतीवर टेकला. "तिनं उलटं धरलं आणि मी पास केलं रे, बाळू. समोर पोरं होती." मग म्हणाला, "तू बोलला होतास ना मला?"

"बोललो होतो. तू म्हणालास, पातेल्यांचे पोचे बघ."

"म्हटलं असेन," तो म्हणाला, आणि मला आणखी एक पेढा दिला. त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशनच्या टेबलावर त्यानं डॉक्टरांना विचारलं म्हणे, मशीन आधी चालू करता की दिवा, आणि बंद करताना कसं? डॉक्टर म्हणाले, "तुम्ही डोळा हलवू नका." यथावकाश दुसराही डोळा झाला. पट्टी निघाल्यावर घरी आला आणि पहिल्यांदा थोरल्याची पेटी उघडली.

"हे जांभळं आहे," तो म्हणाला.

वैनी पेटीचं झाकण पुसायला लागल्या.

"इतके दिवस जांभळं? आणि पेठेत कुणी एक शब्द काढला नाही?"

"तुम्हाला चॉकलेटी आवडलं होतं," वैनी म्हणाल्या. मग त्याची नजर स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीकडं गेली आणि तो दचकलाच. "अगं, ही तर तडकलीय!"

वैनींनी त्यावर काय उत्तर दिलं ते मी लिहीत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी दुकान भाच्याच्या हवाली करून मुलाकडं पुण्याला आलो. निघायच्या आधीच्या रविवारी तिघंही माळावर गेलो होतो. अण्णा माझ्या डोळ्यांसमोर राहिलाय तो तिथलाच. काळा चष्मा, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला रेडिओ, ज्वारीच्या कडेला लांब जाऊन उभा. बसप्पा शेजारी बसून विचारतोय, आज तरी उडणार का? आणि विमान वैनींच्या हातात. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि ते गुपचूप फिरवलं. नाक अण्णाकडं.

अण्णा वळला. क्षणभरसुद्धा गेला नाही.

"अगं, नाक इकडं केलंस! शेपूट दाखव, शेपूट!"

वैनींनी विमान फिरवलं नाही. तसंच घट्ट धरून, पदराला डोळे पुसत ओरडल्या, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं! परत सांगा!"

वैनींच्या कानांना कसलाही त्रास नाही.